शेवटचं घर आधी

मामा, तुम्हाला माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी कामाला गेले. भावकीत त्याची चर्चा अजून चालू आहे. थोरल्या आत्यांनी, तुमच्या बहिणीनं, तर श्रेयाला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, तुझ्या आईला जरा तरी वाईट वाटलंय का. श्रेया तुमचीच नात. तिनं सांगितलं, वाटलंय, पण आज तिच्या कामाच्या नगराला पाणी होतं. तुम्ही असता तर टोपी सारखी करत दुसरीकडं बघून हसला असता.

वाईट कसं वाटलंय ते तुम्हाला सांगते, आत्यांना कशाला सांगू. आपल्या नळाला परवा पाणी आलं. आधी तोटीतून हवा सुटली, आणि मी हातातलं काम टाकून आत वळून बघितलं. का, तर तुम्ही कॉटवरून 'बंतु' म्हणाल म्हणून. बंतु म्हणजे आलं. एवढा एक कानडी शब्द तुम्ही या घरात रोजच्या वापरात ठेवला होता. श्रेयासुद्धा नळाजवळ थांबली होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि मग बादली लावली.

मी तुमची सून, पण तुम्ही ज्याच्यामुळं माझे सासरे झालात तो माणूस या घरात राहत नाही. तुमचा मुलगा पुण्याला गेला तो कामासाठी, आणि राहिला तो दुसऱ्या कारणासाठी. कोर्टाचे कागद झाले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की म्हातारा आता मुलाकडं जाणार. तुम्ही पत्र्याची पेटी रिक्षात टाकून माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांच्या दारात उभे राहिलात. मी विचारलं, मामा, पुण्याला कधी निघणार. तुम्ही म्हणालात, "मी कुटं जाऊ? श्रेया हितं हाय की." आणि पेटी उचलून आत ठेवली. त्या दिवशी मला आनंद वगैरे काही झाला नव्हता. एक लेकरू, एक पगार, त्यात सासरा, असा हिशोब डोक्यात चालू होता. तो हिशोब उलटा होता हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. तुम्ही नसता तर मी काहीच सुरू करू शकले नसते, आणि जे सुरू केलं त्यालाच तुमचा सगळ्यात जास्त विरोध होता. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

तेव्हा मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते. टॉवेलच्या कडा शिवायच्या, घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे. कामाचं काही नाही, काम मला आवडायचं. पण आमच्या खात्यातली प्रत्येक बाई नळाच्या दिवशी उशिरा यायची नाहीतर यायचीच नाही. चार दिवसांआड पाणी, ते कधी पहाटे कधी भर दुपारी, आणि घरात थांबणारं कुणी नसलं की पुढचे चार दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडं बघायचं. तुमचे गुडघे गेलेले, तुम्हाला बादली उचलवत नव्हती. मुकादम रोज कुणाच्या ना कुणाच्या नावानं ओरडायचा. त्यात श्रेयाला ताप आला की माझा खाडा. शेवटी त्यानं सांगितलं, बाई, एकतर नळ भरा नाहीतर टॉवेल शिवा.

तुमचं मत ठरलेलं होतं. चिंचोळीच्या एमआयडीसीत कुणा ओळखीच्याच्या मेहुण्याला सांगून तुम्ही माझ्यासाठी जागा बघितली होती. पर्मनंट. हा शब्द तुम्ही असा उच्चारायचा की देवाचं नाव घेताय असं वाटावं. आयुष्य नोकरीत गेलेला माणूस तुम्ही, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले. खांद्यावर ती उंच लोखंडी चावी, रस्त्यातलं झाकण उचलायचं, आत चावी घालून फिरवायची, की एका नगराला पाणी सुटलं. वेळ झाली की बंद. माझं म्हणणं होतं, चिंचोळीला जायचं म्हणजे श्रेया उठायच्या आधी निघायचं आणि अंधार पडल्यावर परत यायचं. पोरीला आईची ओळख फक्त रविवारी. तुम्ही म्हणालात, मी हाय की. मी म्हटलं, तुम्ही आहात म्हणूनच मला घरी राहायचंय, तुम्ही एकट्यानं किती करणार.

धंद्याची कल्पना मला सुचली असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं तर ती आपल्या गल्लीतल्या नर्सबाईंनी माझ्या हातात दिली. त्या आणि त्यांचे मिस्टर, दोघं ड्युटीवर. एक दिवस माझ्या दारात येऊन म्हणाल्या, सुवर्णा, तू तुझं पाणी भरतेसच, तेवढं आमचा हौद बघशील का. आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. पुढच्या खेपेला त्यांची एक मैत्रीण आली, होटगी रोडच्या बाजूची. तिच्याकडं पाण्याचा वार वेगळा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या शहरात प्रत्येक नगराचा वार वेगळा आहे. ज्याच्याकडं स्कूटी आहे आणि ज्याच्यावर लोक घर टाकून जाऊ शकतात, त्याला रोज कुठं ना कुठं काम आहे. आणि ते काम दिवसभराचं नाही. श्रेयाला शाळेत सोडायचं, नळ भरायचे, हौद धुवायचे, तिला शाळेतून आणायचं. पहाटेचं पाणी असेल तर तिची वेणी तुम्ही घालायची.

वेणी तुम्ही घालायचात. एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली. वर्गशिक्षिकेनं एकदा मला बोलावून विचारलं, घरी आरसा नाही का. मी सांगितलं, आरसा आहे, आजोबांना चष्मा नको वाटतो. पुढं श्रेयानं स्वतःच शिकून घेतलं, आणि त्या दिवशी तुम्ही जरा नाराज झाला होतात हे मला दिसलं होतं.

मी तुम्हाला धंद्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही जेवत होता. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "पाण्याचे पैशे घेणार तू?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, पाण्याचे नाही मामा, माझ्या वेळेचे. तुम्ही मान हलवली. म्हणालात, "नळावर उभारलेल्या माणसानं पैशे घेटले की त्याचा हात पुढच्या घराकडं जातो, मागचं कोरडं ऱ्हातं. मी लई बघितलंय." आणि ताट बाजूला सारलंत. भाकरी तुम्ही कधी टाकत नव्हता, त्या दिवशी टाकलीत.

मला तुमचं म्हणणं कळत नव्हतं असं नाही. अत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, असताना सांगायच्या की तुम्ही अख्ख्या नोकरीत तुमच्या भागातल्या एकाही घरात चहा घेतला नाहीत. लोक गर्विष्ठ म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, आज चहा, उद्या 'अजून धा मिण्टं सोडा की हो', आणि ती दहा मिनिटं कुणाच्या तरी नळातूनच जाणार. सणावाराला पोळीचं ताट आलं तरी परत. सोबत घरची पाण्याची बाटली. माझ्या लग्नात तुमच्या भागातला एक माणूस चांदीचा करंडा घेऊन आला होता, तो तुम्ही मांडवातूनच परत पाठवलात आणि अत्यांनी आठवडाभर अबोला धरला. अशा माणसाच्या घरात सून किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून पाणी भरायचे पैसे घेते. तुमची अडचण मला समजत होती. पण पोट माझं होतं, आणि पोर माझी होती.

आणि एक गोष्ट मी तुम्हाला तेव्हाही सांगितली होती, पुन्हा सांगते. मी प्रत्येक घरात चहा घेते. तुमची शिस्त तुमच्याजवळ. बायका घरी असल्या की चहा ठेवतात, मी घेते, दोन शब्द बोलते. मी कुणाला जास्त पाणी देऊ शकत नाही, मग चहा प्यायला काय हरकत आहे. माझे नियम वेगळे. किल्लीच्या घरात असेन तोवर पुढचं दार सताड उघडं. हौद, मोरी, गच्ची, याच्या पलीकडं पाऊल नाही. श्रेया सुट्टीच्या दिवशी बरोबर असली तर ती पायरीवर, आत नाही. कुणाच्या पायरीवर ती पाढे पाठ करायची, कुणाच्या पायरीवर चित्रं काढायची. पाणी येईपर्यंत बसून राहायचं हेच आमच्या धंद्यातलं मोठं काम, आणि ते बसणं मी माझ्या पोरीबरोबर बसले. कारखान्यात हे कुठं मिळालं असतं.

वर्षभरात माझ्याकडं इतक्या घरांच्या किल्ल्या झाल्या की नवीन माणूस आलं तर मला नाही म्हणावं लागायचं. तुम्ही मात्र एकदाही विचारलं नाहीत, आज कुठलं नगर. मी सांगायला लागले तर तुम्ही रेडिओचा आवाज वाढवायचा. पण पहाटे मी निघताना स्कूटीची सीट पुसलेली असायची, आणि ती कोण पुसतंय हे मी पण विचारलं नाही.

मग बंगल्याचं प्रकरण झालं. अक्कलकोट रोडच्या बाजूच्या त्या नगरातली लांब गल्ली तुम्हाला माहीत आहे, तुमच्याच भागात होती पूर्वी. तोंडाला बंगला, मग बैठी घरं, आणि शेवटाला विडी वळणाऱ्या बायकांच्या खोल्या. बंगल्याच्या बाईंची किल्ली माझ्याकडं, त्यांच्या दोन बहिणींच्या घरांच्याही माझ्याकडं. एक दिवस बाई म्हणाल्या, सुवर्णा, बादलीभर धारेची वाट बघत काय बसतेस, मोटार घेतलीय, नळाला लावून टाक. सगळेच लावतात. मी म्हटलं, बाई, तुमच्या नळाला मोटार लावली की शेवटच्या घरांना नुसती हवा येते. त्या म्हणाल्या, ते बघायला नळवाले आहेत, तू आमचं काम करतेस की गल्लीचं. मी म्हटलं, तुमचंच करते, पण मोटार लावणार नाही. त्यांनी हात पुढं केला. मी किल्ली दिली. संध्याकाळी दोन्ही बहिणींचे फोन आले, त्यांच्याही किल्ल्या परत द्यायच्या होत्या.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही हे तुम्हाला आता सांगते. तुम्ही म्हणाला असता, बघ, मी म्हणत हुतो. आणि मला ते ऐकायचं नव्हतं, कारण तुमचं म्हणणं बरोबर असूनही माझ्या बाबतीत ते खोटं पडलं होतं. माझा हात पुढच्या घराकडं गेला नव्हता. मला वाटत होतं हे तुम्हाला कुठून तरी कळावं, आणि माझ्या तोंडून कळू नये. तीन घरं एकदम गेली, गल्लीतल्या बाकीच्या बायका एकमेकींशी बोलणार, आज ना उद्या सगळ्याच किल्ल्या मागणार, अशी धास्ती घेऊन मी आठवडाभर फिरले. श्रेयाला नवीन दप्तर घ्यायचं पुढं ढकललं. पण मोटारीला हात लावला नाही.

कल्पना मला त्या गल्लीत उभं राहूनच सुचली. पाणी सुटलं की तोंडाची घरं आधी ओढून घेतात आणि शेवटाला करंगळीएवढी धार पोचते. का, तर सगळ्यांच्या तोट्या एकदम उघड्या. पण त्या गल्लीतली मधली बहुतेक घरं माझ्याकडं होती, आणि घरचे लोक कामावर. तोटी उघडणारी मी एकटी. मग मी ठरवलं, शेवटचं घर आधी. पाणी सुटलं की माझ्या सगळ्या तोट्या बंद ठेवायच्या, शेवटाकडच्या बायकांना त्यांच्या घागरी आणि बॅरल भरू द्यायचे, त्यांची हाक आली की मग मागून पुढं यायचं, एकेक घर उघडत. तोंडाच्या घरांना जोर जास्त असतो, त्यांचा हौद शेवटी उघडला तरी भरतो. नवीन किल्ली घेताना मी हे प्रत्येकाला स्पष्ट सांगायला लागले. माझी पद्धत अशी आहे, मोटार लावणार नाही, तुम्ही संध्याकाळी याल तेव्हा हौद भरलेला असेल. बहुतेकांनी मान डोलावली. त्यांना हौदाशी मतलब होता.

बंगल्याच्या बाई उन्हाळ्यात परत आल्या. त्यांचा वॉचमन पाणी येऊन गेलं तरी झोपलेला असायचा. किल्ली देताना त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मी मोटारीचा विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. मोटार जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेली मात्र मला दिसली.

शेवटचं घर आधी, हे मी तुम्हाला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. वाटलं होतं, आता तरी हा माणूस म्हणेल, बरं केलंस. तुम्ही रेडिओ बंद केला, म्हणजे ऐकलंत. आणि म्हणालात, "असं हुईत न्हाय. तोंडाचं घर कुणासाठी थांबत न्हाय." मी म्हटलं, माझ्याकडं किल्ल्या आहेत, मी थांबवते. तुम्ही विचारलंत, "शेवटाला जाऊन बघितलीस का कधी? किती येळ ऱ्हातंय पाणी?" मी म्हटलं, पोचतंय म्हणजे पोचतंय. तुम्ही म्हणालात, "बघू."

हा तुमचा 'बघू' मला फार लागला. मुलानं घर सोडलं तेव्हा तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिलात, भावकीत माझ्यासाठी भांडलात, आणि माझ्या कामावर तुमचा एवढाही भरवसा नाही. मी त्या दिवशी तुमचं ताट वाढून ठेवलं आणि तुमच्याशी न बोलता बाहेर जाऊन बसले. वाद तिथंच राहिला. पुढं आपण भाजीवर बोललो, श्रेयाच्या मार्कांवर बोललो, तुमच्या गुडघ्यावर बोललो, पण त्या वादावर पुन्हा बोललो नाही.

आणि मग तुम्ही गेलात. सकाळी, चहा झाल्यावर, पायरीवर बसल्या बसल्या. मी हौद धुवायचा ब्रश स्कूटीला बांधत होते. तुम्ही भिंतीला टेकलात, मला वाटलं डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले त्रास झाला नसणार. तुम्ही त्रासाचं कधी सांगणाऱ्यातले नव्हताच, त्यामुळं त्यांच्या म्हणण्यावर मी किती विश्वास ठेवावा हे मला कळत नाही.

मठाचे स्वामी आले. तुम्हाला बसवून, कपाळभर विभूती लावून, बेलाची पानं वाहून सगळं रीतीनं केलं. तुमचा मुलगा पुण्याहून वेळेत पोचला. त्यानं माती दिली, मी दिली, श्रेयानं दिली. तो माझ्याशी दोन शब्द नीट बोलला, मीही बोलले. तो रात्रीच्या गाडीनं परत गेला. तुमची पत्र्याची पेटी न्यायची का विचारत होता. श्रेया पेटीवर बसली होती, ती उठली नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या अक्कलकोट रोडच्या नगराला पाणी होतं. आता प्रश्न सुतकाचा. आपल्यात, लिंगायतांत, सुतक नाही असं तुम्ही ठणकावून सांगायचात. अत्या गेल्या तेव्हा तुम्ही दुसऱ्या दिवशी चावी खांद्यावर टाकून ड्युटीवर गेलात, आणि थोरल्या आत्यांनी तेव्हाही असाच गोंधळ घातला होता. पण ज्या घरांचं पाणी मी भरते ती सगळी काही आपल्यातली नाहीत. त्यांच्यात सुतकातल्या माणसाचा हात प्यायच्या पाण्याला चालत नाही. मी कुणाच्या दारात जाऊन कुणाला अवघडल्यासारखं करणार नव्हते. म्हणून मोबाइलच्या ग्रुपवर सरळ लिहिलं की माझे सासरे वारले, आमच्यात सुतक पाळत नाहीत, मी उद्या येणार आहे, कुणाला चालणार नसेल तर आधी सांगा, माझा राग नाही.

लिहिल्यावर मला जरा भीती वाटली. उत्तरं आली. काहींनी लिहिलं, काळजी घ्या, आराम करा, आम्ही बघतो. त्यांना मी पुन्हा लिहिलं की आरामानं मला बरं वाटणार नाही. निवृत्त शिक्षिका आहेत त्यांनी फोन करून सांगितलं, बाळ, तेराव्यापर्यंत नको, देवाचं पाणी असतं. मी बरं म्हटलं. आणि बंगल्याच्या बाईंचा फोन आला. त्यांनी आधी श्रेयाची विचारपूस केली. मग म्हणाल्या, "आमच्याकडं पाळतात सुवर्णा, पण तू ये. तू नाही आलीस तर मला ती पोत्यातली मोटार काढावी लागेल." मी हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

त्या गल्लीत गेले. एरवी मी मधल्या घरांपाशीच थांबते, त्या दिवशी तोट्या बंद आहेत हे बघत शेवटापर्यंत चालत गेले. शेवटच्या खोलीत नरसम्मा राहते. ती माझी गिऱ्हाईक नाही, तिच्याकडं हौदच नाही. मांडीवर सूप घेऊन पायरीवर विड्या वळत बसलेली असते, आणि पाणी आलं की हात पुसून उठते. माझ्या कपाळावरची विभूती आणि सुजलेले डोळे बघून तिनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, सासरे गेले. तुम्ही पूर्वी या भागात चावीवाले होता, तेही सांगितलं. तिचा हात सुपातच थांबला.

"उंच होते? टोपीवाले? काठी टेकत यायचे?"

मी म्हटलं, व्हय.

"ते येत होते की हितं," ती म्हणाली. "दिवाळीपासून येतेत. नळाच्या दिवशी रिक्षानं येणार, काय बी बोलणार न्हाय, हितं पायरीवर बसणार. मी इचारलं, अज्जा, काय पायजे. तर म्हणले, काय नको, बसतो जरा. नळाकडं बघत बसायचे. धार मोटी झाली की 'पोचलं' म्हणायचे आन् काठी घेऊन उटायचे."

मी विचारलं, एकदाच आले होते ना.

"एकदा कसलं," नरसम्मा म्हणाली. "लई येळा. पाण्याचा वार चुकवला न्हाय त्यांनी."

तेवढ्यात नळाला हवा सुटली आणि ती सूप बाजूला ठेवून घागर घ्यायला आत गेली. मी पायरीवर बसले. दिवाळीपासून. तुम्ही मला सांगायचात, मठात जाऊन येतो, पेन्शनच्या कामाला जाऊन येतो. गुडघे तसे, रिक्षात चढायचं म्हणजे तुम्हाला आधार लागायचा, कुणाकुणाचा हात धरून चढला असाल. मी गल्लीच्या मधल्या घरांत तोट्या उघडत असायचे आणि तुम्ही या टोकाला बसून असायचात, मला दिसणार नाही अशा बेतानं. आणि मग घरी येऊन जेवायला बसायचात, ताक मागायचात, रेडिओ लावायचात, आणि एक अक्षर बोलायचा नाहीत.

मला आधी राग आला. खरंच आला. सुनेवर पाळत ठेवायला हा माणूस शहराच्या या टोकापर्यंत येतो. 'बघू' म्हणालात आणि खरंच बघायला आलात. 'पोचलं' हा एक शब्द तुम्ही घरात, माझ्यासमोर म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? मी तुमच्याकडून दुसरं काहीच मागितलं नव्हतं. तो तुम्ही एका अनोळखी बाईच्या पायरीवर बोलून आलात, आणि मला तो तुम्ही गेल्यावर, तिच्या तोंडून ऐकावा लागला. हा राग माझा आहे, तो मी सोडणार नाही.

मग नरसम्माची घागर भरली, बॅरल भरला, शेजारणीचा भरला. मी उठले आणि मागून पुढं एकेक तोटी उघडत निघाले, रोजच्यासारखी. बंगल्यापर्यंत येईस्तोवर माझं रडून झालं होतं. दार उघडं ठेवून हौदाजवळ उभी होते तेव्हा नीट विचार केला. मामा, मी तुम्हाला ओळखते. अख्खी नोकरी तुम्ही नळांची तपासणी केलीत. पाणी शेवटपर्यंत पोचतं की नाही हे तपासायला तुमच्यासारख्या माणसाला एक खेप पुरे होती. त्या पहिल्या खेपेला तुम्ही मला तपासायला आला होता, ते मी मान्य करते. त्यानंतर दर वेळी, दुखऱ्या गुडघ्यांनी, रिक्षा करून तुम्ही कशासाठी आलात, ते मला कुणी सांगायची गरज नाही.